मधलं स्टूल

पुलाच्या बरोबर मध्यावर टेपताई थबकली. पिशवीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "अगं, माझी कात्री राहिली!"

एवढं बोलून ती मागे वळलीसुद्धा. बरोबर चालणाऱ्या शेजारणीने, म्हणजे ही हकिकत लिहिणारीने, तिचं कोपर धरलं. त्यासाठीच तर तिला बरोबर घेतलं होतं. निघतानाच टेपताईने बजावलं होतं, "मी काहीही सबब सांगून मागे फिरायला लागले, तर मला धर. माझं काही ऐकू नकोस."

"कात्री नंतर बघू," शेजारीण म्हणाली. "आधी कागद. पाचला खिडकी बंद होते."

साडेतीन वाजून गेले होते. रस्ता खणून ठेवल्यामुळे बस बंद होत्या आणि दुकान ते इस्पितळ हे सगळं अंतर पायीच कापायचं होतं. पिशवीत प्लास्टिकच्या वेष्टनात टेपताईचा सही झालेला राजीनामा होता. इस्पितळाच्या शिलाई खोलीत चादरी आणि पेशंटचे झगे शिवायची जागा तिला मिळाली होती. रविवारी सुट्टी, वर पंखा, समोर खिडकी. अट एकच होती. जुन्या मालकाची सही असलेला कागद शुक्रवारी पाचच्या आत आणून द्यायचा. नाही आणला तर जागा दुसरीला.

आणि आज शुक्रवार होता.

टेपताई एकोणीस वर्षं पडदे शिवायच्या एका दुकानात होती. गळ्यात मोजायची टेप सदानकदा लटकलेली, म्हणून टेपताई. दुकान दोघा भावांचं. थोरले डावीकडच्या टेबलाशी, धाकटे उजवीकडच्या. मध्ये पाच फूट जागा आणि त्या जागेत टेपताईचं स्टूल.

नऊ वर्षांपासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर एका डॉक्टरांच्या तपासणी खोलीचा पडदा. थोरल्यांनी माप घेतलं, चौऱ्याऐंशी. ते इंचांतलं. धाकटे शहरात जाऊन काहीतरी कोर्स करून आले होते, त्यांनी कापले चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. पडदा लागला तेव्हा पेशंटचं तोंड तेवढं झाकलं जायचं, बाकी सगळं बाहेरच्या बाकावरून दिसायचं. डॉक्टर म्हणाले, "निदान खालच्या बाजूला तरी लावायचा होतात." त्या दिवशी भावाभावांत जी काही वाक्यं झाली, ती शेवटची.

पण धंदा तर चालवायचा. मग टेपताई होतीच मध्ये.

"टेपताई, त्या गाढवाला सांग, कापड उलटं लावलंय."

टेपताई मान वळवून म्हणायची, "धाकटे भाऊ, दादा म्हणतायत, सुलटी बाजू एकदा बघून घ्या."

"त्याला म्हणावं, स्वतःचा चष्मा बदल आधी."

"दादा, भाऊ म्हणतायत, बघतो."

दोघांनाही एकमेकांचं मूळ बोलणं लख्ख ऐकू जायचं. पण राग मात्र ते तिने सांगितलेल्या निरोपापुरताच धरायचे. त्यामुळे दुकान शाबूत होतं. एकदा तिला ताप आला, दोन दिवस घरी झोपून होती. पहिल्याच दिवशी तिला सतरा फोन आले. "टेपताई, पडून राहा, आराम कर. फक्त त्याला सांग, पंखा कमी कर." ठेवते न ठेवते तोच दुसरा फोन. "बरं वाटतंय ना? त्याला सांग, पंखा माझ्या बाजूचा आहे."

रजा मागितली की थोरले म्हणायचे, "घरच्या माणसाला कसली आली रजा?" पगाराचं काढलं की धाकटे डोळ्यांत पाणी आणायचे. "तूसुद्धा असं बोलायला लागलीस? तू तर घरचीच ना?" दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्या घराचा फोटो निघाला. टेपताईही नवी साडी नेसून उभी राहायला गेली, तर तिच्या हातात फोन देऊन थोरल्यांची बायको म्हणाली, "तू घरचीच आहेस गं, तूच काढ."

टेपताईचा स्वभाव रडका नव्हता. दुकानाचं कुलूप उघडण्याआधी ती रोज हात जोडायची. म्हणायची, "देवा, आज या दोघांना एकमेकांशी एक वाक्य तरी बोलू दे." नऊ वर्षं एकच मागणं. स्वतःसाठी काही मागायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

इस्पितळातली जागा कळली आणि तिने राजीनामा लिहिला. थोरल्यांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली. "त्याला दाखव. त्याने सही केली की मी करतो."

धाकट्यांनी वाचला. "आधी त्याची. मग बघू."

त्या दिवशी टेपताईने स्वतःचा राजीनामा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अकरा वेळा नेला. शेवटी कागदाच्या घडीवर भोक पडलं, तेव्हा धाकटे म्हणाले, "चुरगळलेला कागद चालत नाही. नवीन लिही."

चौथ्या दिवशी तिचं डोकं फिरलं. स्टूल उचलून तिने दाराशी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून निरोप बंद. कापायचं तेवढं कापीन."

दोन तास दुकानात फक्त शिलाई मशीनचा आवाज. मग थोरल्यांनी भिंतीला विचारलं, "पांढरा दोरा कुठाय?" धाकट्यांनी छताला सांगितलं, "खालच्या खणात." आणि मग एकदम थोरले खुर्ची वळवून सरळ भावाच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ही खरंच निघाली की रे."

"जाऊ द्यायची नाही," धाकटे म्हणाले.

"मुळीच नाही!"

"सहीच नाही करायची."

"हां. बघू कशी जाते!"

आणि दोघेही हसले. नऊ वर्षांनी. थोरल्यांनी भावासाठी चहा ओतला. देव ऐकतो याची टेपताईला खात्री पटली, पण मागताना आपणच थोडं नीट मागायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

दोघांचं हसणं ऐकून वरच्या मजल्यावरून त्यांची म्हातारी आई कठडा धरत खाली आली. दोन्ही मुलं एका टेबलाशी बघून तिने पदर डोळ्यांना लावला. टेपताईला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझे पाय धरू का? तू जाऊ नकोस. पण राजीनामा मागेही घेऊ नकोस. असाच टेबलावर राहू दे. तू निघतेस म्हटलं की ते बोलतात गं!"

"आणि किती दिवस निघत राहू, आई?"

"माझे डोळे मिटेपर्यंत."

म्हातारी अजून जिना उतरत-चढत होती. म्हणजे मुदत बरीच होती.

तिघांनी मिळून तिला घरचं केलं होतं ते असं. शुक्रवार उजाडला. टेपताई दाराशी स्टुलावर बसली आणि समोरच्या भिंतीवरचा दुकानाचा परवाना एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने शेवटपर्यंत वाचला. मालक म्हणून नाव दोघांपैकी एकाचंही नव्हतं. म्हातारीचं होतं. तिच्या नवऱ्याने कधीकाळी घातलेलं, हे सगळे विसरले होते.

टेपताई राजीनामा घेऊन वर गेली. म्हातारी तोंड फिरवून बसली.

"आई, मी आहे तोवर ते मलाच सांगणार," टेपताई म्हणाली. "आता दोघं मिळून मला अडवतायत, हेच काय ते बोलणं. उद्या मी थांबले की तेही संपलं. मी गेले तर पंखा कमी कर म्हणायला तरी तोंड उघडावं लागेल."

म्हातारीने तोंड वळवून कागद हातात घेतला. मग म्हणाली, "पेन दे." मोठी अक्षरं काढत सही केली. कागद परत देताना म्हणाली, "माझाही राजीनामा लिहून आणला असतास तर बरं झालं असतं. पण मी तो द्यायचा कुणाला?"

टेपताईने तिला वाकून नमस्कार केला आणि मागच्या जिन्याने उतरली. त्या घाईत कात्री टेबलावर राहिली.

पूल संपला, बाजार गेला, शाळा गेली. इस्पितळाचं फाटक दिसायला लागलं तोच पिशवीत फोन वाजला. थोरले. टेपताईने सवयीने उचलला.

"टेपताई, तू गेलीस ते गेलीस. आता फक्त त्याला सांग, मघापासून—"

टेपताईचं तोंड उघडलं. शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. शेजारणीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, कारण आता कोपर धरून भागणार नव्हतं.

"दादा," टेपताई म्हणाली, "ते पाच फुटांवर बसलेत." आणि फोन ठेवला. लगेच धाकट्यांचा आला. तो तिने वाजू दिला.

खिडकीतल्या बाईने कागद घेतला, शिक्का मारला, "सोमवारी आठ वाजता," म्हणाली. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. टेपताई खिडकीशी उभीच. अजून कुणी आत जाऊन कुणाला तरी विचारून येईल अशी तिची समजूत होती.

बाहेर पायरीवर दोघी बसल्या. टेपताईने चपला काढून पाय पसरले, गळ्यातली टेप काढून गुंडाळली.

"कात्रीचं काय करू गं?" ती म्हणाली. "मी डावखुरी. ती कात्री माझ्याच हाताची आहे, दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. सोमवारी लागणार मला."

"मग आणू की."

"मी नाही जाणार. गेले तर बसेन." मग शेजारणीचा हात धरून म्हणाली, "माझं एक काम कर. उद्या सकाळी तू जा. कात्रीच्या मुठीला निळी चिंधी गुंडाळलीय, लगेच दिसेल. पाणी विचारतील, चहा विचारतील, तू पण घरचीच म्हणतील. कात्री उचल आणि ये. पण उभ्यानेच हं. त्या स्टुलावर तेवढी बसू नकोस."