अप्पाकाकांची घाई

अप्पाकाका वांगी आणायला गेले की काकू खुशाल दुसरीच भाजी चिरायला घेई. एकेक वांगं हातात घेऊन ते फिरवत, देठ बघत, खाली ठेवत, पुन्हा उचलत. ग्वाल्हेरच्या गोरखी बाजारातली भाजीवाली एकदा वांगं पुढे करत वैतागून म्हणाली, "बाबूजी, भटा लेना है, बहू नहीं." अप्पाकाकांना राग आला नाही. त्यावरही त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बहू होती तो और टाइम लगता." कुणी काही विचारलं की त्यांचा पहिला शब्द मराठीत 'थांब' आणि हिंदीत 'रुको'. त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे 'रुको बाबूजी'च म्हणत. ते माझे थोरले काका. माझ्या वडिलांची बदली शिवपुरीला झाली आणि मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिले, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

या थांबण्याला त्यांची नोकरी कारण होती असं काकू म्हणे. ग्वाल्हेर संस्थानचा दरबार गेला, मध्यभारत प्रांत आला, मग तोही नव्या मध्यप्रदेशात मिसळला आणि राजधानी भोपाळला गेली. या सगळ्या उलथापालथीत अप्पाकाका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि वेगवेगळ्या संस्थानांतून आलेल्या नोकरदारांत थोरला कोण, धाकटा कोण हे लावायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. इंदूरचा म्हणे मी वरचा, ग्वाल्हेरचा म्हणे मी. "पहिल्याचं ऐकलं की तोच खरा वाटतो," अप्पाकाका सांगत, "म्हणून लगेच लिहायचं नाही. दुसऱ्याचं ऐकायचं, घरी जायचं, जेवायचं, मग लिहायचं." साहेब त्यांच्यावर चिडत असत, पण त्यांनी लावलेल्या क्रमावर फारशा तक्रारी येत नसत.

निवृत्तीनंतर हीच कचेरी ओसरीवर भरू लागली. भाऊबंदकी, भाडेकरू, रुसलेल्या सुना, सगळं त्यांच्यापुढे येई. सगळ्यांत अवघड प्रकरण मात्र घरचंच आलं. त्यांची एकुलती एक मुलगी, सुधाताई, झाशीहून दिवाळीला आली ती मनगटावर चटक्याची खूण घेऊन. सगळे नातेवाईक म्हणाले, समजूत घालून परत पाठवा. अप्पाकाका म्हणाले, थांबा. त्यांनी सुधाताईचं ऐकलं. मग झाशीला जाऊन जावयाचं, विहीणबाईंचं, शेजारच्यांचंसुद्धा ऐकलं. परत आल्यावर बरेच दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी म्हणाले, "सुधा इथेच राहील." त्यानंतर आमच्या घराण्यात तो विषय कुणी काढला नाही.

आणि अशा माणसाला कंपवात झाला. आधी हात थरथरला, मग पाय जमिनीला चिकटू लागले. उंबरठा आला की ते थबकत, जणू पलीकडे विहीर आहे. चेहरा लाकडाचा झाला. एका गोळीनं भागेना, तेव्हा कंपू भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जोडीला दुसरी दिली. काही आठवड्यांत अप्पाकाका खुर्चीतून आपले आपण उठले आणि उंबरठा ओलांडून रस्त्यावर गेले. काकू पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. आम्हांला वाटलं, आमचा माणूस परत आला.

पण हा कुणी दुसराच होता. तो भाजीवालीची अख्खी टोपली न बघता उचलून आणी. दोन भाऊ भांडण घेऊन आले, तर धाकटा खाली बसायच्या आत याचा निवाडा झालेला. मी हसले. म्हटलं, अप्पाकाकांना एवढ्या वर्षांनी घाई सुटली. काकू हसली नाही. म्हणाली, "मला भीती वाटते गं. हे बोलतात तेव्हा डोळे यांचे नाही वाटत."

एका बुधवारी दुपारी जावई आले. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच. चहा हातात घेत म्हणाले, "जे झालं ते झालं अप्पा, आता तसं नाही होणार." अप्पाकाका ताडकन उठले. "ठीक आहे, घेऊन जा. आत्ताच. सुधा, बॅग भर." मी ऐकतच राहिले. पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. सुधाताई उठली. ती आत गेली, पलंगाखालची बॅग ओढली आणि साड्या भरू लागली.

काकू बाहेर आली. जन्मात तिनं कधी वार पाळला नव्हता. जावयांना म्हणाली, "आज बुधवार. आमच्यात बुधवारी लेक पाठवत नाहीत. शनिवारी या." जावयांनी कप खाली ठेवला. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अप्पाकाकांना घेऊन कंपू गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दिमाग़ का एक हिस्सा कहता है, चलो. दूसरा कहता है, पहले देख तो लो. बीमारी में पहला सुस्त पड़ गया था, दवा ने उसे जगा दिया. पर अब दूसरे की बात उस तक ठीक से पहुँच नहीं रही." दुसरी गोळी हळूहळू कमी करता येईल, पण चालणंही कमी होईल, असं त्यांनी सांगितलं आणि अप्पाकाकांकडे पाहिलं. त्यांनी काही विचारायच्या आत अप्पाकाका म्हणाले, "चालू रखो. मुझे चलना है." डॉक्टरीणबाई काकूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुबह पूछिए. गोली से पहले."

शुक्रवारी सकाळी काकूनं विचारलं. अप्पाकाका अंथरुणात ताठ पडलेले होते. ओठ हलायलाच कितीतरी वेळ गेला. "गोळी... कमी करा." काकू म्हणाली, "मग चालता नाही येणार." त्यांनी डोळे मिटले. झोपले की काय असं मला वाटलं. मग आवाज आला, "माहीत आहे. सुधा... इथेच."

दुपारी गोळी भिनल्यावर तेच अप्पाकाका खोलीभर येरझारा घालत ओरडत होते, "मी असं बोललोच नाही! तुम्हांला मला खुर्चीत डांबायचंय." मग ओरडणं संपलं आणि विनवण्या सुरू झाल्या. माझा हात धरून म्हणाले, "तू तरी सांग गं यांना. मला चालू दे." तो हात गरम होता आणि जराही थरथरत नव्हता. एका माणसात दोन माणसं असू शकतात आणि दोघंही आपलेच असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारचा धक्का अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

सुधाताई म्हणाली, "आता अप्पाच दोन झाले. आई, कुणाचं ऐकायचं?"

काकू म्हणाली, "माझं ज्याच्याशी लग्न झालं, त्याचं."

शनिवारी जावई आले. काकूनं त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. गोळी उतरत गेली आणि तिच्याबरोबर अप्पाकाकाही उतरत गेले. आधी रस्ता सुटला, मग ओसरी, मग खुर्चीतून उठणंही. सुधाताईला शाळेत नोकरी लागली. शाळेतून आली की ती त्यांना भरवायला बसे.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी ग्वाल्हेर सोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसले होते. सुधाताई मऊ भात कालवत होती. अप्पाकाका तिच्याकडे टक लावून पाहत होते. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं त्यांनी विचारलं, "त्या दिवशी... तू... गेली असतीस?"

"हो अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही बोललात, तर विचार करूनच बोलला असाल, असं वाटलं मला."

त्यांच्या लाकडी चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांचा हात मांडीवरून निघाला आणि थरथरत, अडत, वर येऊ लागला. मी पुढे होणार होते, पण सुधाताईनं मला खुणेनं अडवलं. घास हातात तसाच धरून तो हात डोळ्यांपर्यंत पोहोचेतोवर ती बसून राहिली.