आमचे व्याही आणि देवाचे तेल

श्रीजगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून, उद्या आमच्या घरी घट बसणार आहेत त्या निमित्ताने हे लिहावयास बसलो आहे. समई घासून झाली, अखंड दिव्याची लांब वात वळून झाली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे आता पाटावरून उठावयास राजी नाहीत. तेव्हा बसल्या जागी ज्यांचे स्मरण झाले त्यांच्याविषयीच लिहावे हे बरे. या विस्तीर्ण भरतभूमीत मनुष्याचे कुळगोत्र विचारणारे पुष्कळ सापडतील. परंतु तेलाचे कुळगोत्र विचारणारा आमच्या व्याह्यांवाचून दुसरा कोणी जन्मास आला असेल असे मला वाटत नाही.

व्याही म्हणजे आमच्या सूनबाईंचे वडील. राहणार कळमेश्वर. उभी हयात त्यांनी नागपुरास कळमन्याच्या बाजारात तेलबियांची पारख करण्यात घालवली. पोत्यात हात घालावा, चार दाणे दाताखाली धरावेत, डोळे मिटावेत आणि सांगावे, "हे जवस उमरेडकडचं. हे काटोलचं. आन हे जे तुमी काटोलचं म्हनून राहिले ना, त्याच्यात मागच्या सालचं मिसळलं हाय." व्यापारी त्यांना भीत असत आणि मानही देत असत. पुढे शेतांतून जवस ओसरले, बाजारातली जवसाची पोती दरवर्षी कमी होत गेली, आणि ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्या वर्षी, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "दाताखाली धराले दानाच नव्हता गा." माणसाचे दात पडतात हे आपण जाणतो, या गृहस्थांचे दात शाबूत राहिले आणि दाणेच गेले. त्यांच्या तेलविषयक विक्षिप्तपणाचे मूळ मला नेहमी तेथे दिसत आले आहे.

त्यांच्या खिशात चष्म्याच्या जोडीला एक भिंग असे. दुकानात शिरले की तेलाची पिशवी उलटी करून तिच्या पाठीवरचा बारीक मजकूर ते पोथी वाचल्यासारखा वाचत. पामतेल असेल तर ते कोणत्या बेटांवरून आले, सूर्यफुलाचे असेल तर काळ्या समुद्राच्या कोणत्या काठावरून, सोयाबीनचे असेल तर पृथ्वीच्या पार खालच्या टोकाकडून कसे, हे सारे दुकानदाराला ऐकून घ्यावे लागे. "देशाले लागते त्याच्या निम्म्याहून जास्ती तेल समिंदरापलीकडून येते, समजलं? देव आपला, वात आपली, आन तेल परक्याचं!" एकदा मी त्यांना तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर घेऊन गेलो. प्लेट हातात पडताच त्यांनी वर तरंगणारा लाल तवंग निरखला आणि विचारले, "हे तेल कुठलं?" ठेलेवाला हात न थांबवता म्हणाला, "काकाजी, पयले गरम गरम खाऊन घ्या. पासपोर्ट मंग पाहा." दूर देशी युद्ध पेटले तेव्हा तर ते पहिल्या बसने आमच्याकडे आले आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे आपटून म्हणाले (त्यांच्या बोलीत व्याही म्हणजे इवाई), "पाहा इवाई. तिकडं तोफ डागली का इकडं भज्याचा घाना लहान होते." मला हसू आले, पण त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या भजीवाल्याचा घाणा खरोखरच लहान झाला होता.

आमच्या मुलाच्या लग्नात मुहूर्ताची घटका जवळ आली, अंतरपाट धरला गेला, आणि कन्येचा पिता जागेवर नाही. शोधाशोध झाली. गृहस्थ मांडवामागे भटारखान्यात तेलाच्या डब्यावर हात ठेवून उभे. आचारी कपाळाला हात लावून म्हणत होता, "काका, पुऱ्या थांबल्या, लोकं थांबले, आता काय त्या पोरीचं लग्न बी थांबवता काय?" आणि हे म्हणत होते, "माह्या पोरीच्या पंगतीत पामतेल? मले न विचारता?" अखेर विहीणबाई आल्या. त्या जन्मात कधी मोठ्याने बोलल्या नसाव्यात. त्यांनी नवऱ्याच्या उपरण्याचे टोक धरले आणि इतकेच म्हटले, "चला. तेल कुठलं बी असो, पोरगी तुमची हाय." ते निमूटपणे मागोमाग आले. अवघ्या जगात त्यांना वळवू शकणारी ती एकच व्यक्ती होती.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि घरची पूजा स्वतः सांगितली. संकल्पात आपण देश आणि काल यांचा उच्चार करतो. एका नवरात्रात मी दण्डकारण्य म्हटले, गोदावरीचे उत्तर तीर म्हटले, संवत्सर, अयन, ऋतू यथासांग म्हटले, तोच शेजारून आवाज आला, "इवाई, नदी सांगतली, तीर सांगतलं. दिव्यातल्या तेलाचा देश काहून नाही सांगतला?" मी शांतपणे विचारले, "व्याहीबुवा, आपण ज्या बसने आलात तिच्या पोटातले डिझेल कोणत्या देशाचे?" पुढच्या खेपेस त्यांनी तो प्रश्न कंडक्टरला विचारला. "काकाजी," कंडक्टर म्हणाला, "तिकिटावर लिवलं नाही."

मात्र आमच्या दिव्यातल्या तेलाविषयी त्यांना शंका घेण्याचे कारण नव्हते, कारण ते त्यांच्याच घरचे होते. गावाबाहेर त्यांची जमिनीची एक पट्टी आहे. तीत ते हट्टाने जवस पेरत. विहीणबाई ते घाणीवर नेऊन तेल काढून आणीत आणि दरवर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काठोकाठ भरलेला डबा आमच्या देव्हाऱ्यापाशी आणून ठेवीत. नऊ दिवसांची अखंड ज्योत त्या तेलावर तेवे आणि दसऱ्याला थोडे उरेही. बारा वर्षे हा क्रम चालला. व्याही अवघ्या कळमन्यात सांगत फिरत, "देशाचं मले सांगू नका. माह्या लेकीच्या घरचा दिवा माह्या वावरातल्या तेलावर नऊ दिवस जळते. एक थेंब बाहेरचा नाही."

गेल्या वर्षी आषाढात विहीणबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या. निघूनच गेल्या.

आश्विनात व्याही डबा घेऊन स्वतः आले. डबा अर्धाच होता. ते आल्या आल्या म्हणाले, "दाने तेवढेच होते इवाई, पायलीनं मोजून देल्ले. घानीवाल्यानं डाव साधला. त्याच्यासंग भांडून आलो." मग देव्हाऱ्याकडे पाहत, हळू आवाजात, "पुरवीन मी. तिनं बारा वर्ष पुरवलं. माह्यानं एक साल नाही होनार काय?" त्या दिवशी त्यांनी व्रत घेतले असे म्हणायला हरकत नाही. नवरात्रभर आमच्याकडेच राहावयाचे, दिव्यापाशी बसावयाचे, आणि घरच्या तेलाखेरीज दुसरे तेल त्यात पडू द्यावयाचे नाही.

ते खरोखर बसले. जवसाचे तेल वातीवर चिकट साका धरते. तो वरचेवर काढावा लागतो. काजळी झाडताना ज्योत दगावू नये म्हणून आधी तिच्यावरून एक लहान दिवा लावून शेजारी ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. त्याला आम्ही सोबतीचा दिवा म्हणतो. व्याही हे सारे मोठ्या निगुतीने करीत. परंतु डब्यातले तेल कोणाच्या निगुतीला भीक घालीत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वात बारीक केली. पाचव्या दिवशी आणखी बारीक केली. सहाव्या दिवशी सकाळी ज्योत तांदळाच्या दाण्याएवढी उरली होती, आणि डबा तिरका केला तरी पळीभर तेल निघणे कठीण होते.

मी त्यांच्याजवळ पाट घेतला आणि शास्त्राचा आधार दिला. मुख्य द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधिद्रव्य घ्यावे, त्याने कर्म भंगत नाही, असे मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ते फार थकलेले दिसत होते. मीही थकलो होतो. "शास्त्राचं काय इवाई," ते म्हणाले, "शास्त्र सगळ्याच्यातून वाट काढते. मी तिले काय सांगू? माह्यानं सहा दिवस बी नाही झाले म्हनून सांगू?"

तेव्हा आमची मंडळी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. हातातले पीठ पदराला पुसत ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "भाऊ, रागावू नका. विहीणबाईंनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. घाणीवाल्याने काही केलेले नाही. तुमच्या पट्टीतून दरवर्षी एवढेच निघत होते. अर्धा डबा."

व्याह्यांनी तिरका धरलेला डबा सरळ करून खाली ठेवला.

"उरलेले विहीणबाई दुकानातून आणीत. बाजारातले पिशवीचे तेल. येथे आल्यावर माझ्यासमोर डब्यात ओतीत आणि म्हणत, ईनबाई, ह्यायले सांगू नका, ह्यायचं मन मोडन."

मी या घरात चाळीस वर्षे राहतो आहे, पण ही गोष्ट मलाही त्या क्षणी प्रथम कळली. ज्याने दाताखालच्या दाण्यावरून गाव ओळखले, ज्याने भिंग लावून अवघ्या नागपुरातल्या पिशव्या वाचल्या, त्याच्याच डब्यात बारा वर्षे सातासमुद्रापलीकडचे तेल होते, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता! मला वाटले, आता हे गृहस्थ संतापतील. परंतु त्यांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवले. मग स्वतःशी बोलावे तसे म्हणाले, "मी वासच नाही घेतला कधी."

खरेच होते ते. देवाला वाहावयाच्या फुलाचा वास आपण घेत नाही, नैवेद्य आधी चाखत नाही. त्याच नेमाने त्यांनी देवाच्या तेलाचे झाकण कधी नाकाशी नेले नव्हते. साऱ्या जगाच्या तेलाची परीक्षा करणारा मनुष्य एवढ्या एका डब्यापुढे श्रद्धेने मान खाली घालून उभा राहिला, आणि विहीणबाईंनी त्यांची लाज नेमक्या त्या जागी लपवून ठेवली.

"बारा वर्ष," ते म्हणाले. "आन मी साऱ्या कळमन्यात सांगत फिरलो. थे ऐकत राहे आन भाकरी थापत राहे. एकदा बी हासली नाही गा." एवढे म्हणून ते स्वतःच हसले, आणि हसता हसता उपरणे डोळ्यांना लावले. मग एकाएकी विचारले, "ईनबाई, कशी आने वं थे? जड राहते तेल."

"कापडी पिशवीत. वर लुगड्याची घडी."

"बसमधून?"

"बसमधूनच."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. इकडे ज्योत लवू लागली. मंडळींनी तिच्यावरून सोबतीचा दिवा उजळला आणि डब्यातले शेवटचे थेंब त्यात निथळले. आम्ही दोघे म्हातारे त्या टीचभर उजेडाकडे पाहत बसलो. मोठा दिवा शांत झाला. लहान दिवा जळत होता. अखंडत्व म्हणावे तर तेवढेच शिल्लक होते.

व्याही परतले ते तेलाची पिशवी दोन्ही हातांत धरून, मिरवणुकीतली मूर्ती आणावी तशी उघडी. झाकली नव्हती, लपवली नव्हती. देव्हाऱ्यापाशी बसून त्यांनी खिशातून भिंग काढले, पिशवी उलटी केली, वरपासून खालपर्यंत वाचली. "समिंदर कोन्ता ते लिवलं नाही," ते म्हणाले, आणि भिंग परत खिशात ठेवले. दिव्यात तळाशी जवसाचा साका होता, त्यावर त्यांनी ते तेल ओतले. सोबतीच्या दिव्यावरून वात उजळली. ज्योत वर आली, चांगली बोटभर.

"इवाई, संकल्प म्हना. आन तेलाचा देश आज तरी सांगा."

चार तपे मी संकल्प म्हणत आलो, त्यात असे पद कधी नव्हते. मग मी म्हटले, अज्ञातदेशोद्भवेन तैलेन. ज्याचा देश ठाऊक नाही अशा तेलाने. त्यांनी मान हलवली. "आन तिचं नाव घाला." तेही घातले.

यंदाही ते आजच दुपारी आले आहेत. हातात उघडी कापडी पिशवी. तिच्यात अर्धा डबा घरचे तेल आणि वर दुकानातली तेलाची पिशवी. भिंग अजून खिशात असते, पण दुकानदारांना आता पूर्वीइतके ऐकावे लागत नाही. देशाचे निम्मे तेल बाहेरून येते हे ते अजूनही सांगतात. फरक इतकाच, की पूर्वी ते जिंकल्यासारखे सांगत. आता, घरातल्या कोणाच्या तरी उपकारांविषयी सांगावे, तसे सांगतात. आता ते ओसरीवर खुर्चीत डुलक्या घेत आहेत, आणि लेक त्यांच्यासाठी चहा ठेवते आहे.

वाचकहो, आपल्या घरचा दिवा जगदंबा अखंड तेवता ठेवो. त्यात घरचे तेल असो, परके असो, की कोणी आपल्याला न कळता अर्ध्यावर भर घालून ठेवलेले असो. ते पेरणारे, वाहून आणणारे आणि मुकाट्याने ओतणारे सारे हात सुखी राहोत. आपल्या मुलाबाळांना आरोग्य, वडीलधाऱ्यांना स्वस्थ झोप आणि आपल्या देव्हाऱ्याला सोबतीचा दिवा लाभो. शुभं भवतु.