दमणीतून दिसलेली हरणं

गाडी हाकणारी बाई आमच्या पंचक्रोशीत एकच होती, आणि ती सासू म्हणून माझ्या वाट्याला आली. सासरे लवकर गेले होते. गाडीवर माणूस ठेवावा तर तो उद्या येतो म्हणून परवा उगवायचा. शेवटी सासूबाईंनी कासरा स्वतःच्याच हातात घेतला. लोकांनी काही दिवस तोंडं वाकडी केली आणि मग आपल्या लेकीसुनांना माहेरी पोचवायला त्यांच्याकडेच येऊ लागले. मला मात्र नवी नवरी असताना या प्रकाराची भारी लाज वाटे. माझी सासू गाडीवान आहे हे मी माहेरी सांगितलंच नव्हतं. आईला ते बाजारात कळलं.

आमचं गाव कळमनुरीपासून दोन-अडीच कोसांवर. लढाई चालू होती, रॉकेल मिळायचं नाही, आणि त्याच दिवसांत कळमनुरीला नवे तहसीलदार आले. त्यांची बायको हैदराबादची, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिच्या मोलकरणीनं बाजारात सासूबाईंना गाठलं आणि विचारलं, बेगमसाहेबांना हरणं दाखवाल का. नवऱ्याच्या बदल्या होतील त्या प्रत्येक बंगल्यात भिंतीवर शिंगं असत. ती ज्याच्या डोक्यावर असतात ते जनावर मात्र तिनं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. पडद्यातल्या बाईला माळावर नेणार कोण? गडीमाणूस चालणार नव्हता. गाडी हाकणारी बाई आहे हे कानावर गेलं आणि तिची आशा पालवली.

ऐकून मला हसू आलं. आम्हाला हरणांचं कसलं कौतुक? हरभरा टरारला की ही धाड येऊन पडायची. गोफणी फिरवून आमचे खांदे दुखायचे. त्यांना बघायला कुणी मुद्दाम यावं म्हणजे घुशी बघायला यावं तसंच. पण तहसीलदाराच्या घरातून आलेला निरोप; नाही म्हणायची टाप कुणाची होती! मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तर दमणी धुऊन ठेवली. दमणी म्हणजे आमची प्रवासाची हलकी बैलगाडी. सासूबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे तिला चारी बाजूंनी पडदे बांधले.

बेगम टांग्यातून आमच्या दारापर्यंत आली आणि बुरख्यासकट दमणीत चढली. सोबतीला मी. सासूबाईंनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या आणि तिला समज दिली. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीला शेवटी 'है' लावायचं, एवढंच. काही झालं तरी गाडीखाली पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. पायी चालणारा माणूस म्हणजे गोफण, हे हरणांना पक्कं ठाऊक. बैलगाडी मात्र त्यांच्या लेखी वाटेवरचं झुडूप. तरी गाडी त्यांच्यावर सरळ न्यायची नाही. वळसा घालत, दुसरीकडंच निघाल्यासारखं दाखवत जायचं आणि दर वळशाला थोडं आत सरकायचं.

त्या दिवशी पडद्याच्या फटीतून मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. पिकाबाहेर, माळावर, आपल्या घरी असलेली. माद्या पिवळसर, बसल्या तर वाळल्या गवतात दिसायच्याही नाहीत. मधेच एखादी उगाच चारी पायांवर ताड उडायची आणि मग सगळ्याच उडायच्या. मधोमध एक काळवीट होता, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं. त्याची एक ठरलेली जागा होती. तिथं त्याच्या लेंड्यांचा ढीग पडलेला. त्या ढिगाभोवती तो नाक आभाळाकडे करून, शिंगं पाठीला टेकवून, पावलं मोजत फिरत होता. बेगमनं माझा हात घट्ट धरला होता. मग हळूच म्हणाली, "हमारे साहब बी दफ्तर कू ऐसेच जाते." सासूबाईंच्या हातातून कासरा सुटता सुटता राहिला.

मग ती बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येऊच लागली. माघ सरला, फाल्गुन आला. कधी माळढोक पक्षी दिसायचा, माणसासारखा सावकाश चालणारा. कधी खोकड आपल्या बिळाशी पिलांना घेऊन बसलेलं असायचं. पण तिचा जीव हरणांवर. घरात ती चार भिंतींत होती, आणि नवरा कामातून आला तरी कामातच असायचा. आमच्या दमणीत तिचा चेहरा उजळायचा. मीही त्या दिवसाची वाट बघू लागले होते, हे मी कुणाला कळू दिलं नाही. हरणंही आता हिरव्या पडद्याच्या गाडीला इतकी सरावली की आम्ही आलो तरी बसलेली उठायची नाहीत. काळवीट तर चाकापासून हातभर अंतरावरून आपला तोऱ्यात फिरायचा.

अन् मग चपराशी आला. हैदराबादेहून मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते. त्यांना काळविटाची शिकार हवी. परवा सकाळी दमणी हजर ठेवा, पडदे आहेत तसेच राहू द्या, बायका नकोत, असा हुकूम. पडद्याआड बंदूक घेऊन बसायचं होतं. चपराशी गेला तरी मालक ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की बैल माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, तेव्हा मीच जाईन. मला रात्रभर झोप नाही. तरण्या जनावरानं आपल्यावर विश्वास टाकावा आणि आपल्याच गाडीतून त्याला गोळी बसावी, हे काही केल्या गळी उतरत नव्हतं.

दुसरा दिवस बेगमच्या येण्याचा. तिला यातलं काही माहीत नव्हतं. येतानाच हसत आली, डब्यात आमच्यासाठी शेवयांचा गोड पदार्थ घेऊन. माळ दिसू लागला तशी सासूबाईंनी मान न वळवता सांगितलं, "बेगमसाब, उद्या सायेब लोक ह्याच गाडीत बसून गोळी घालायला येऊन राहिले."

ती पांढरीफटक पडली. मग पुटपुटली, "मैंच बोली उनकू. उन पूछे, तो मैं बोल दी."

ते असं झालं होतं. जेवताना नवऱ्यानं विचारलं, सारखी जातेस तिथं बघतेस तरी काय. लग्न झाल्यापासून त्यानं इतक्या आवडीनं तिचं काही ऐकलंच नव्हतं. मग तिनं सगळं सांगितलं: गाडी, पडदे, वळसे, चाकाशी येणारा काळवीट. तो ऐकत गेला, ही सांगत गेली. त्याला तरी काय म्हणावं. वरचा साहेब खूश झाला तर बदली बऱ्या गावी होते, एवढंच त्याच्या डोक्यात असणार. मला त्याचा राग आला तो नंतर. त्या वेळी त्या पोरीकडं बघवत नव्हतं.

सासूबाईंनी ठरवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आज बघायचं तेवढं बघून घ्या, माय. मंग मी त्यांना हाकलनार हाय. ह्या गाडीचं भ्या बसलं तरच वाचतील ती."

आम्ही नेहमीसारखा वळसा घेतला. हरणं नेहमीसारखी बसली होती. बेगमनं बुरखा मागे टाकून पडद्याला डोळा लावला आणि किती वेळ पाहत राहिली कोण जाणे. मग तिनंच खूण केली, आता करा. सासूबाईंनी बैलांची तोंडं सरळ कळपाकडे फिरवली आणि पराणी टोचली. आजवर अंगाला न लागलेली पराणी लागल्यावर बैल उधळल्यासारखे धावले. मी पडदा वर करून गोफण फिरवू लागले. बेगमला गोफण जमेना. तिनं डब्याचं झाकण आणि पळी घेतली आणि बडवायला सुरुवात केली. ओरडायची सवय तिला नव्हतीच. आवाज फाटत होता, तरी ओरडत होती.

कळप उठला. पण पळाला थोडासाच. पुढं जाऊन उभा राहिला आणि आमच्याकडे बघू लागला. ही गाडी ओळखीची, हिला आज काय झालं, असं त्यांना वाटलं असेल. आम्ही पुन्हा धावलो. पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं, बैलांच्या तोंडाला फेस आला, माझा खांदा भरून आला, तेव्हा कुठं माद्या माळाचा उतार ओलांडून नाहीशा झाल्या.

काळवीट मात्र जाईना. ढेकूळ लागलं की उसळायचा, लांब जायचा, आणि चक्कर मारून पुन्हा आपल्या त्या लेंड्यांच्या ढिगावर येऊन उभा. माजाच्या दिवसांत नर आपली जागा सोडत नाहीत, सोडली तर दुसरा नर ती घेतो. एवढंसं कारण. बेगमनं झाकण खाली टाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा रे, जा," ती त्याला म्हणत होती, "कायकू खड़ा है?" सासूबाईंनी मग गाडी फिरवली. बैलांत दम राहिला नव्हता.

पुढचं मी पाहिलं नाही. सासूबाईंनी तुटक तुटक सांगितलं तेवढंच. मोठे साहेब, तहसीलदार आणि चपराशी पडद्याआड बसले. चाकांचा आवाज आला तसा कळप लांबूनच उठला आणि वाऱ्यासारखा पसार झाला. साहेब कुरकुरले, की आपल्याला वेगळंच सांगितलं होतं. तहसीलदारांच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंना वाटलं, सुटलो. इतक्यात चपराशानं बोट दाखवलं. काळवीट आपल्या जागेवर उभा होता. सासूबाईंनी होता होईल तेवढा मोठा वळसा घेतला. चपराशी मागून, आत घे, आत घे, म्हणत होता. एकच बार झाला.

दुपारी दमणी दारात आली, मागच्या फळ्यांवर तो. शिंगं बाहेर आली होती, एक डोळा उघडा. साहेबांची माणसं त्याला उचलून घेऊन गेली आणि फळ्या धुवायचं माझ्याकडं आलं. धुताना मला राग आला तो साहेबांचा नाही, तहसीलदाराचाही नाही, त्या काळविटाचाच. इतकं बडवलं, इतकं मारलं, तरी मूर्ख जागचा हलला नाही. सासूबाई जवळ येऊन बसल्या. बाकीची वाचली की, म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

साहेब परत येऊ शकतात म्हणून पुढं कितीतरी दिवस सासूबाई त्या माळावरून जाता-येता कळपाच्या अंगावर गाडी घालत राहिल्या. गोफण फिरवून हात दुखायला लागले तरी मीही कधी तक्रार केली नाही. होता होता चाकाची करकर ऐकू आली की हरणं क्षितिजाला भिडायची. मालक खूश होते. आता ती पिकातही कमी येतील म्हणाले.

वैशाखात तहसीलदारांची बदली झाली. बऱ्या गावी झाली. बेगम निरोप घ्यायला आली तेव्हा वाळून गेली होती. त्या दिवसानंतर ती आलीच नव्हती. सासूबाईंनी बैल जुंपले, पडदे बांधले. आम्ही तिघी निघालो. माळाकडं वाट फुटते तिथं तिनं पुढं वाकून सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज उधर नक्को," ती म्हणाली. "हमकू देखके भागते उनों. बच्चे भी होंगे साथ में."

सासूबाईंनी गाडी ओढ्याकडं घेतली. ओढा कोरडा होता. एका बाभळीखाली बैल सोडले आणि आम्ही पडद्यात बसून राहिलो. तिनं डोळे मिटले आणि मला म्हणाली, आत्ता ती काय करत असतील ते सांग. मी सांगू लागले. ऊन फार आहे, तेव्हा पळसाच्या सावलीला बसली असतील. पाडसं गवतात दडवून ठेवलेली, आया लांब उभ्या, कुणाला कळू नये म्हणून तिकडं बघतही नसतील. एखादं पाडस मधेच उठतं, लटपटतं, आई येऊन त्याला चाटते. ती ऐकत होती, मधूनमधून हसत होती, आणि काळवीट आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे, नवा आहे, त्याच जागेवर.

ऊन कलेपर्यंत मी सांगत राहिले. त्यातलं मी काहीही पाहिलं नव्हतं. त्या वर्षी हरणं आम्हाला परत कधी जवळून दिसलीच नाहीत.