घोरभानूचा मामा

माझ्या सख्ख्या भाच्याचं नाव घोरभानू आहे, आणि ते अंगणवाडीच्या रजिस्टरात निळ्या शाईने लिहिलेलं आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की आमचं घराणं एखाद्या संस्थानिकाचं असावं. (जव्हारला राजवाडा आहे खरा. पण आमचा त्याच्याशी संबंध एवढाच, की शाळेच्या सहलीत मी त्याच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली होती.) आम्ही साखरशेतकडच्या एका पाड्यावरचे, भात आणि नाचणी करणारे लोक. आमच्याकडे नाव ठेवायला फारसं डोकं लागत नसे. पोर ज्या वारी जन्मेल तो वार द्यायचा, संपलं. सोमवारचा सोम्या, बुधवारची बुधी, शुक्रवारचा शुक्र्या. मला शाळेत घालताना गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "मंगळ्या." गुरुजींनी हजेरीपट पाहिला आणि म्हणाले, "चार मंगळे आधीच आहेत. याला मधुकर करू." आणि मी मधुकर झालो. याबद्दल मी गुरुजींचा आजही ऋणी आहे, जरी पुढचं सगळं रामायण त्याच नावावर येऊन संपलं तरी!

त्याची सुरुवात झाली ती टीव्हीमुळे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जव्हारला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. दर रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा पोरं सलीमचाचांच्या शिंपीकामाच्या दुकानासमोर उभी राहायचो, कारण आत त्यांचा टीव्ही होता आणि टीव्हीवर राजा-राक्षसांची मालिका लागायची. त्यातल्या लोकांची नावं एवढी लांब असत, की एकमेकांना हाक मारेपर्यंत अर्धा भाग संपायचा. एका रविवारी राजा कड्यावरून पडता पडता एका वेलीला लोंबकळला, आणि त्याच क्षणी टीव्ही फट्‌ करून बंद पडला.

"पिक्चर ट्यूब गई," सलीमचाचा कात्री खाली ठेवत म्हणाले. "जाव मधू, पढाई करो. राजा को लटकने दो."

पण मला ते सहन होईना. एखाद्या माणसाला असं लोंबकळत ठेवून अर्थशास्त्र कसं वाचायचं? मी दोनशे पानी वही घेतली आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहायला बसलो.

नावांसाठी मी एक नियम केला. चांगल्या माणसांना आपल्या पाड्यातली नावं द्यायची, कारण चांगली माणसं म्हणून मला तीच माहीत होती. दुष्टांना मात्र पृथ्वीच्या पाठीवर कुणाचंच नसेल असं नाव द्यायचं, कारण गोष्ट संपल्यावर मला गावातच राहायचं होतं! त्यामुळे राजाला कड्यावरून वर ओढणारा वीर झाला शुक्र्या. त्याची शूर बहीण बुधी. आणि त्यांच्यासमोर उभे होते विकटदंत, मायाजिव्हा आणि सगळ्यांचा मुकुटमणी राक्षस घोरभानू! माझ्या वहीत असे प्रसंग होते: "'थांब घोरभानू!' शुक्र्या गरजला. 'एवढी गुरं बांधून येतो, मग तुझी गाठ माझ्याशी आहे!'"

या घोरभानूचा धंदा एकच. तो साधूचं रूप घेऊन गावात यायचा, सगळं गाव त्याला वाकून नमस्कार करायचं, आणि मग तो विहिरीपाशी जाऊन एका घोटात अख्खी विहीर पिऊन टाकायचा. शेवटी शुक्र्याचा बाण त्याच्या पोटात घुसतो आणि पाणी परत विहिरीत येतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही गोष्ट घरी वाचून दाखवली. आवाज काढून वाचली. शुक्र्याचा आवाज साधा, पण घोरभानूचं नाव आलं की मी अशी डरकाळी फोडायचो की कोंबड्या आंब्यावर चढून बसत. बाबा अगदी रंगून ऐकत होते. गाव घोरभानूला वाकून नमस्कार करतं इथवर आलो, आणि तेवढ्यात रचलेल्या भाताला आमच्या बैलाने तोंड लावलं. बाबा काठी घेऊन त्याच्यामागे धावले. ते परत आले तेव्हा गोष्ट संपली होती.

बैलाने त्या दिवशी दोन पेंढ्या खाल्ल्या असतील. पण नुकसान पुढे फार मोठं झालं.

माझी थोरली बहीण मंगळीताई मोखाडा तालुक्यात सूर्यमाळला दिलेली. मी शिकावं म्हणून तिने चौथीत शाळा सोडली आणि आईबाबांबरोबर वीटभट्टीवर गेली. माझी पहिली वही तिने तिथून आणली होती, तिच्या पुठ्ठ्यावर विटेची लाल माती होती. त्या एप्रिलमध्ये तिला मुलगा झाला. बुधवारी. घरात आधीच तीन बुध्ये होते: थोरला बुध्या, लंगडा बुध्या आणि मुंबईचा बुध्या. (तो एकदाच मुंबईला गेला होता.) म्हणून ताईने जीपवाल्याकडे निरोप धाडला, "मामा शिकेल हाय. नाव मामाच देईल. चांगला शाळेतला नाव पायजे."

मी चार दिवस विचार करून नाव ठरवलं. संतोष. साधं, गोड, कुणाच्या वाटेला न जाणारं. माझी परीक्षा चालू होती, त्यामुळे नाव घेऊन बाबा जाणार होते. जव्हारच्या जीप स्टँडवर मी त्यांच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. "संतोष. संतोष. संतोष." दहाव्या वेळी बाबा चिडले. "मी काय खुळा हाय का रं?"

परीक्षा संपल्यावर आठवड्याने मी सूर्यमाळला पोचलो. ताई दारातच होती. मला बघून तिने आत हाक दिली, "आला गे, घोरभानूचा मामा आला!"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुणाचा मामा?"

"घोरभानूचा! काय नाव दिलंस रं मधू! अख्ख्या तालुक्यात कुणाचा नाय!" ताईचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण कारण वेगळं होतं.

बाबा अजून तिथेच मुक्कामाला होते. मी त्यांना अंगणातल्या आंब्यामागे ओढलं.

"बाबा, संतोष कुठे गेला?"

"मोखाड्याला जीप बदलली, तिथवर होता," बाबा शांतपणे म्हणाले. "पुढं चढणीला कुठं तरी पडला. इथं येऊन बघतो तर तोंडात नाव नाय, आणि सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघतात. मग मला तुझी गोष्ट आठवली. सगळा गाव ज्याला वाकून नमस्कार करतो, तो काय साधा माणूस? तहसीलदाराला तरी कुणी एवढा वाकतो का? आणि तू त्याचा नाव किती जोरात घ्यायचास! शुक्र्याचा एवढ्या जोरात नाय घेतलास."

"बाबा, तो राक्षस आहे! विहिरी पितो!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. समोर त्या पाड्याची एकुलती एक विहीर होती. एप्रिल महिना. पाणी इतकं तळाला गेलेलं, की बायका आत उतरून वाटीने हंडा भरत होत्या.

"मग आता गप ऱ्हा," बाबा म्हणाले.

गप्प राहणं गरजेचंच होतं. ताईची सासू सोमीआई शकुन-अपशकुन फार मानणारी. पोराचं नाव विहीर पिणाऱ्या राक्षसाचं आहे हे तिला कळलं, आणि पुढच्या पंधरा दिवसांत विहीर आटली (ती दरवर्षी आटायचीच!), तर दोष पोराच्या पायगुणाला आणि ताईच्या माहेराला. ताईला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि तेही माझ्या वहीपायी.

मी ताईला हळूच म्हणालो, "ताई, संतोष कसं वाटतं?"

"शी! तो काय पोराचा नाव हाय? आणि अंगणवाडीच्या बाईंनी लिहून पण घेतला. दोनदा इचारला त्यांनी, म्हटल्या, नक्की ना?"

तेवढ्यात सोमीआई बाहेर आली. तिची नजर थेट माझ्या पिशवीवर. "व्याही सांगत होते, घोरभानूची पोथी तू लिवलीस. आणलीस का?"

मी ती वही सगळीकडे बरोबर नेत असे. इतर पोरं कंगवा नेत, तशी. "नाही" म्हणेपर्यंत ताईने पिशवीतून ती काढून माझ्या हातात दिलीसुद्धा. दुपार कलली होती. बघता बघता आंब्याखाली निम्मा पाडा जमला. भाचा झोळीत झोपला होता आणि त्याच्या पराक्रमाची कथा ऐकायला तीस माणसं मांडी घालून बसली होती.

मी वाचू लागलो. सवयीने वाचत गेलो, हीच चूक. "घोरभानू विहिरीपाशी आला आणि एका घोटात..." इथे जीभ चावली.

"एका घोटात काय?" सोमीआईने विचारलं.

"प्यायला."

"काय प्यायला?"

"पाणी."

"किती?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "सगळं," मी म्हणालो.

तीस माणसांनी आधी विहिरीकडे बघितलं, मग झोळीकडे. ताईचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"पण का प्यायला?" मीच मोठ्याने ओरडलो. "ते ऐका ना! कारण त्या विहिरीवर एका दुष्टाचा डोळा होता! पाणी वाचवायला घोरभानूने ते पोटात लपवलं!"

"पोटात?"

"पोटात! आणि वैशाखात सगळीकडे आटलं, तेव्हा तो पाड्यापाड्यावर फिरला आणि प्रत्येकीचा हंडा भरून दिला!"

"हंडा डोक्यावर कुणी ठेवला?" एक बाई.

"त्यानेच!"

"घरापरत कुणी नेला?"

"तोही त्यानेच नेला!"

बायकांमध्ये एक समाधानाची लाट उसळली. "असा पुरुष पायजे होता गे," कुणीतरी म्हणालं आणि आपल्या नवऱ्याकडे बघितलं. सोमीआई उठून झोळीला हळूच झोका देऊन आली. मी कपाळाचा घाम पुसला. वाचलो!

आणि तेव्हा आमचे बाबा बोलले. "पण मधू, मग शुक्र्यानं त्याच्या पोटात बाण का मारला रं? तुझी आय सांगत होती."

आता सांगायला हवं, ताईच्या सासऱ्याचं नाव शुक्र्या. ते झोळीशेजारी विडी ओढत बसले होते. विडी त्यांच्या हातातच राहिली.

"मी?" शुक्र्याबाबा म्हणाले. "मी कवा मारला?"

"तुम्ही नाही बाबा, गोष्टीतला—"

"माझ्या नातवाला मी बाण मारंन?" ते उभेच राहिले. "या पाड्यात दुसरा शुक्र्या दाखव मला!"

दुसरा नव्हता. नेमका त्या पाड्यात शुक्रवारी एकच माणूस जन्मला होता!

"नाही नाही! शुक्र्याने बाण त्या दुष्टाला मारला!" मी घाईघाईने म्हणालो. "घोरभानूच्या मागे तो दुष्ट लपला होता. आजवर कुणी धरला नसेल असा नेम शुक्र्याने धरला आणि घोरभानूला वाचवलं!"

शुक्र्याबाबा हळूहळू बसले. विडी परत पेटवली. "नेम माझा चांगलाच हाय," ते शेजाऱ्याला म्हणाले.

"आणि त्या दुष्टाचा नाव काय?" सोमीआईने विचारलं.

मी सभोवार बघितलं. समोर आठवड्याचे सातही वार बसले होते, काही तर दोन-दोन. कुठलंही साधं नाव घेतलं असतं तरी एक माणूस उठून उभा राहिला असता. मग भारदस्त नाव घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, "वि...", तर ताईची नणंद पुढे सरकली. तिला सहावा महिना होता.

"मामा, असा अजून एखादा भारी नाव सांगा ना. मला आषाढात लागंल."

मी तोंड मिटलं. विकटदंत म्हटलं असतं, तर आषाढात एक विकटदंत जन्माला आला असता. साधी नावं संपली होती, भारी नावं वाटपात निघाली होती. तीस माणसं वाट बघत होती. कुणाचाही हक्क नसलेलं एकच नाव माझ्याजवळ उरलं होतं.

"मधुकर," मी म्हणालो.

"बरा केला शुक्र्यानं, मारला त्याला," सोमीआई समाधानाने म्हणाली.

त्या वर्षी विहीर आटली, पण तिचा दोष भाच्यावर आला नाही, मधुकरवर गेला. भानू (सगळे त्याला आता भानूच म्हणतात) मोठा झाला, शाळेत हुशार निघाला, आणि नणंदेच्या मुलाचं नाव मी तातडीने पोस्टकार्डावर लिहून पाठवलं, संतोष. ताईला कुणी कधी एक शब्द बोललं नाही. त्या एप्रिलनंतर दोन वर्षांनी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. पेढे घेऊन मी सगळ्यात आधी सूर्यमाळला गेलो आणि ताईच्या पाया पडलो. सोमीआईने पेढा घेतला, मला मायेने जवळ बसवलं आणि प्यायला तांब्याभर पाणी दिलं. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, तशी ती उठली, आणि विहिरीत डोकावून आली.