माडीवरचा पोपट

लहान मुलाला कोणतं जनावर पाळायला द्यावं हे सांगायला सगळं गाव तयार असतं. त्यातल्या एकालाही ते जनावर सांभाळायचं नसतं आणि मूल तर नसतंच नसतं. मला त्या वर्षी इतक्या जणांनी शहाणपण शिकवलं की अजून कोणी ‘एखादं पाखरू आणा की’ म्हणालं की माझ्या कपाळाची शीर उडते.

धुळ्याला होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. घर भाड्याचंच, पण जमिनीवरचं. पुढे अंगण, शेजाऱ्यांची वासरं आणि कोणाचीच नसलेली एक कुत्री. माझी सात वर्षांची मुलगी सकाळी दूध पिऊन बाहेर पडायची ती जेवायलाच घरात यायची. मग यांची कचेरी बदलली, आणि आम्ही जळगावात एका मारवाडी जैन शेठजींच्या माडीवर दोन खोल्यांत येऊन राहिलो. खाली शेठजींचं घर, पुढे त्यांचं कापडाचं दुकान, मागे विहीर. जिना इतका उभा की पाण्याची घागर घेऊन चढताना मी रोज बदली करणाऱ्या साहेबाचा उद्धार करी.

त्यात उन्हाळ्यात मुलीला विषमज्वर झाला. चाळीस दिवस ती अंथरुणाला खिळली. वाचली, पण डोक्यावरचे केस गेले आणि पायांत काही जीव उरला नाही. डॉक्टर म्हणाले, “दिवाळीपर्यंत जिना उतरू देऊ नका. आणि हिचं मन रमवा, ही फार गप्प झालीय.” कसं रमवायचं ते सांगायला ते थांबले नाहीत. पोर दिवसभर खिडकीशी बसून विहिरीवरचा रहाट बघे. काय बघतेस म्हटलं तर म्हणे, “काही नाही.” तिच्या त्या ‘काही नाही’ची मला भीती वाटायला लागली होती.

पहिली सूचना यांची. मांजर आणू. मी खाली विचारायला गेले. आमच्या शेठाणीबाई बाई म्हणून वाईट नव्हत्या, हे मला आधीच लिहून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल. मुलीच्या दुखण्यात त्यांनी रोज मुगाचं पाणी वर पाठवलं होतं. पण मांजर म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले. “मांजर उंदीर मारणार. घर आमचं, तर पाप कोणाला?” म्हणजे त्यांच्या घरचे उंदीर माझ्या मुलीपेक्षा भाग्यवान. कुत्र्याचं तर नावच काढायचं नाही, असं भाड्याने देतानाच बजावलेलं.

मग साक्रीकडून माझे थोरले भाऊ आले. आधी मोटार, मग आगगाडी, असा प्रवास करून काखेत बकरीचं पिल्लू घेऊन आले. मी कपाळावर हात मारला.

“भाऊ, ही माडी आहे. इथे बकरी कुठे बांधू?”

“हाई बकरी शे, वाघ नही,” भाऊ म्हणाले. “पोरले दूध बी व्हई नि खेळाले बी व्हई.”

पिल्लाने पहिल्या दिवशी यांचे कचेरीचे कागद खाल्ले. दुसऱ्या दिवशी माझ्या धुतल्या लुगड्याचा पदर चघळला. मुलगी मात्र कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. पण पिल्लू जिना चढायला शिकलं आणि उतरायला घाबरू लागलं. दर वेळी मी त्याला उचलून खाली न्यायचं, पुन्हा वर आणायचं. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “एक तर ती बकरी राहील नाहीतर माझी नोकरी.” नोकरी त्यांची होती आणि बकरी वाहत होते मी, तरी वैताग त्यांनाच आला. भाऊंबरोबर पिल्लू परत गेलं. मुलगी पुन्हा खिडकीत जाऊन बसली, आणि ते बकरी येण्याआधीपेक्षा वाईट होतं.

शेवटी यांनी बाजारातून पोपट आणला. पिंजऱ्यासकट. विकणाऱ्याने यांना सांगितलं होतं, एका बाजूचे पंख कातरा, नाहीतर पहिल्याच दिवशी भुर्र. यांनी ते मला सांगितलं आणि टोपी घालून कचेरीत निघून गेले. आमच्या घरात वाईट काम करायचं ठरवत असत हे, आणि करत असे मी.

दुपारी मुलगी झोपलेली बघून मी पोपटाला फडक्यात गुंडाळलं आणि शिवणाच्या कात्रीने त्याच्या उजव्या पंखाची लांब पिसं कातरली. त्याने माझ्या अंगठ्याचा लचका काढला. पिसं मी चुलीत घातली. अंगठ्याला काय झालं असं मुलीने विचारलं, तेव्हा विळीने कापलं म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. पोपट चालत बाहेर आला, तिच्या पायांवरच्या गोधडीवर चढला आणि तिथेच बसला. तिने माझ्याकडे पाहिलं. “आई, दार उघडं आहे तरी हा जात नाही. का गं?”

“तू त्याला आवडतेस म्हणून,” मी म्हटलं.

ते वाक्य मला कोणी सुचवलं नव्हतं. ते माझंच. त्या दिवसापासून मुलगी सुधारत गेली. पोपटाला राम राम म्हणायला शिकवण्यात तिचे पंधरा दिवस गेले आणि पोपट शिकला तो रहाटाचा आवाज. अगदी हुबेहूब कर्रकर्र. मी दोनदा फसून घागर घेऊन उठले. ती हसून लोळली. “मी त्याला धरून ठेवलेलं नाही, तो आपणहून राहिलाय,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याला रस्ता दाखवायला म्हणून ती भिंत धरून गॅलरीपर्यंत चालू लागली.

भादव्यात खालच्या घरी पजूसण, म्हणजे जैनांचं पर्युषण, आलं. शेठाणीबाईंनी आठ दिवसांचा उपास धरला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. त्या दिवसांत त्यांच्याकडे जीव सोडवण्याची रीत होती. पारध्याकडून पाखरं घ्यायची आणि मोकळी सोडायची, त्याचं पुण्य मोठं. शेवटच्या दिवशी दुपारी मी विहिरीवर धुणं धूत होते. हे कचेरीत, मुलगी झोपलेली. शेठाणीबाई आणखी दोघी बायकांना घेऊन वर गेल्या. मला विचारलं नाही. आपल्या घरात पुण्य करायला कोणाला कशाला विचारायचं? त्यांनी पिंजरा गॅलरीत नेला, पोपटाला बाहेर काढलं, हात जोडले आणि आभाळात सोडला.

तो उडाला नाही. गरगरत रस्त्यावर पडला आणि कावळ्यांनी त्याला गाठलं.

मला मुलीची किंकाळी ऐकू आली. मी धुणं टाकून धावले, तोवर ती जिना उतरून रस्त्यावर पोचली होती. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत मना केलेला तो जिना ती एकटी कशी उतरली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. गुडघे फुटले होते. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि पोपट तिच्या परकरात होता. मेलेला होता.

मग मी जे बोलले ते त्या गल्लीने त्याआधी ऐकलं नसेल. शेठाणीबाई खाली आल्या, उपासाने पांढऱ्याफटक पडलेल्या, आणि मी भर रस्त्यात त्यांना म्हटलं, “आग लागो तुमच्या पुण्याला. उंदीर मरू नये म्हणून मांजर नको, आणि माझ्या पोरीचा जीव कावळ्यांना घातलात.” आणखीही बोलले. मला त्यातल्या एका शब्दाचीही लाज वाटली नाही.

शेठाणीबाईंनी पोपटाजवळ वाकून त्याचा पंख उलगडून पाहिला.

“बाई,” त्या म्हणाल्या, “हा तर कापलेला आहे. मला कसं कळणार? पाखराचे पंख कोणी कापतं का?”

मुलीने मान वर करून माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. जखम भरून आली होती, वण होता.

संध्याकाळी हे घरी आल्यावर म्हणाले, मालकिणीशी भांडून कसं चालेल, दुसरी जागा कुठे मिळणार आहे? मी त्यांना ताट वाढलं आणि त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. त्याचाही काही उपयोग झाला नाही, कारण चौथ्या दिवसापर्यंत त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पोपट मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उपास सोडण्याआधी, शेठाणीबाई वर आल्या. त्यांच्यात त्या दिवशी घरोघर जाऊन क्षमा मागतात, खमतखामणा म्हणतात त्याला. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा, असं लहानथोर सगळ्यांना हात जोडून म्हणायचं. मी दाराकडे पाठ करून भाजी चिरत राहिले. मनात म्हटलं, बरं आहे, वर्षाचं पाप एका नमस्कारात. पण त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. भिंतीचा आधार घेत सरळ मुलीच्या अंथरुणाशी गेल्या, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि हात जोडले. “बेटा, खमतखामणा. माझ्याकडून मोठी चूक झाली.” नवव्या दिवशीही पोटात अन्न नसलेली बाई रडत होती.

मुलीनेही हात जोडले आणि म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं.”

शेठाणीबाई डोळे पुसत खाली गेल्या. मुलीने जोडलेले हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे तोंड करून बसली. नुसती वाट बघत बसली.

मी म्हटलं, “दूध उतू जाईल,” आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

ती बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. शेठाणीबाईंवर मी किती वर्षं डाफरले, किती जणींना ही गोष्ट त्यांच्या नावाने सांगितली, त्याला गणती नाही. मुलगी तेव्हा शेजारीच बसलेली असे. मी ती गोष्ट कात्रीपर्यंत कधी आणली नाही, आणि तिनेही कधी आठवण करून दिली नाही.