लिंग तळहातावर, डबी उशीच्या खोळीत

मुंबईत माझं काडीचंही काम नव्हतं, तरी मी मुंबईच्या विमानाचं तिकीट काढलं. चूक एवढीच. पुढं जे घडलं ते सगळं त्या चुकीच्या पोटातूनच बाहेर आलं.

काम होतं ते माझ्या साडूचं, शिवलिंगप्पाचं. तो मंठाळचा, मी आळंदचा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांचाही व्यापार तुरीचा. त्याला डाळीच्या गिरणीचं यंत्र बघायला मुंबईला जायचं होतं. हैदराबादेहून विमान सुटतं असं कळल्यावर तो म्हणाला, विमानानंच जातो. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. आमच्याकडं विमान म्हणजे रानात उभं राहून, कपाळावर हात धरून बघायची वस्तू. आता त्यात शिवलिंगप्पा बसणार आणि मी खालून मान वर करून त्याला बघणार, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मला जेवण जाईना. बायकोनं लगेच ओळखलं.

"शिवलिंगप्पा उडायलाय म्हणून घास उतरंना व्हय?"

"मलाबी मुंबईत काम हाय," मी म्हणालो.

"कसलं?"

"हाय."

तिनं भाकरीचा पुढचा तुकडा ताटात टाकला आणि विषय सोडला. ती विषय सोडते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

हा मत्सर काही विमानापासून सुरू झालेला नव्हता. शिवलिंगप्पानं माडी बांधली की माझं घर मला बसकं दिसायचं. त्याच्या बैलांची शिंगं रंगवलेली बघून मी माझ्या म्हाताऱ्या बैलांचीही रंगवली होती, आणि त्या बैलांना ते शोभलं नव्हतं. पण या सगळ्यावर कळस केला तो मी देवाच्या बाबतीत. आम्ही लिंगायत. लहानपणीच गुरू तळहातावर इष्टलिंग देतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं. कुणी ते वस्त्रात बांधून गळ्यात घालतं, कुणी चांदीच्या डबीत. शिवलिंगप्पाची डबी लिंबाएवढी होती. मी सोनाराकडून कवठाएवढी करून घेतली. सोनार म्हणाला, "अप्पा, मान दुखंल." मी म्हणालो, "तू तुझं काम कर." मान दुखायचीच. पण लग्नाकार्यात शिवलिंगप्पाशेजारी बसलो की लोकांची नजर आधी माझ्या छातीवर जायची, आणि तेवढ्यानं ते दुखणं मला हलकं वाटायचं. आत बसलेल्या देवाला त्या मोठ्या घराचं काय वाटत होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. सकाळची पूजाही माझी अशीच, घाईची. लिंग तळहातावर घ्यायचो आणि कान बाहेर बाजारभावाकडं.

हैदराबादच्या विमानतळावर आधी सामान तोललं आणि मग आम्हाला तोललं. जन्मभर मी पोती काट्यावर चढवली, त्या दिवशी मी चढलो. शिवलिंगप्पापेक्षा माझं वजन जास्त भरलं. तेवढ्या एका गोष्टीत मी त्याच्या पुढं होतो, आणि नेमका त्याच गोष्टीचा मला आनंद होईना. आत गेलो तर खिडकीची जागा त्याला. विमानातली माणसांची व्यवस्था बघायला एक तरुण बाई होती. गोव्याकडची किरिस्ताव, पण वाढलेली सिकंदराबादेत, त्यामुळं बोलणं अस्सल दखनी. सगळे तिला मिस्साब म्हणत होते. तिनं कानात घालायला कापूस वाटला आणि पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. शिवलिंगप्पाला दोन दिल्या, मला एक. विमान जमीन सोडून वर गेलं, खाली हैदराबाद खेळण्यासारखं झालं, आणि मी ती दुसरी गोळी त्याला का मिळाली याचा विचार करत बसलो होतो. आकाशात जाऊन माणूस एवढं लहान मन घेऊन बसू शकतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

बराच वेळ गेला. मग डावीकडच्या इंजिनाचा पंखा खोकल्यासारखा आवाज करून थांबला. शिवलिंगप्पा खिडकीतून बघत म्हणाला, "अण्णा, पंखा फिरंना की." मी म्हणालो, "थांबवला असंल, थंड व्हायला." माहीत नसताना उत्तर द्यायची सवय तिथंही सुटली नाही. मिस्साब पुढं वैमानिकाकडं गेली, थोड्या वेळानं परत आली आणि मधल्या वाटेत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त तिनं हातातला कापसाचा डबा नीट खाली ठेवला. म्हणाली, "सब लोगां मेरी बात सुनो. एक पंखा बंद है, अपन बीदर के मैदान पे उतर रहे. एक पहिया नीचे नै आ रहा, इसवास्ते जहाज पेट पे उतरेगा. थोडा वक्त है. मैं बोलती सो करो, बस."

कुणीतरी रडायला लागलं. एक वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि वैमानिकाला कायदा शिकवायला निघाले. तिनं त्यांना खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. मग ती कामाला लागली. मी आडत्या आहे, हमाल कसे काम करतात ते रोज बघतो, पण इतकं निवांत आणि इतकं भराभर काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. विड्या-सिगारेटी बंद. डबे, टोपल्या, पाण्याच्या सुरया, जे जे सुटं होतं ते उचलून मागच्या न्हाणीत कोंबलं आणि दाराला कडी घातली. उतरताना हेच सामान डोक्यावर येतं म्हणाली. सगळ्यांचे जोडे काढायला लावले. कमरेचे पट्टे स्वतः ओढून बघितले. मग एका उशीची पांढरी खोळ काढली आणि ती हातात धरून एकेकापुढं उभी राहू लागली. चष्मे, पेना, किल्ल्या, साडीच्या पिना, जे टोचेल ते सगळं त्या खोळीत. वकीलसाहेबांनी दातांची कवळीही टाकली, आणि त्यानंतर त्यांचा कायदा कुणाला समजेना.

डोक्याचे फेटे सोडून त्यांच्या गुंडाळ्या करायला लावल्या आणि मांडीवर ठेवल्या. तोंड त्यात खुपसायचं, हात डोक्यावर घ्यायचे, जहाज पूर्ण थांबेपर्यंत मान उचलायची नाही. तिनं आधी स्वतः करून दाखवलं, मग प्रत्येकाकडून करवून घेतलं. कुणाची मान वर राहिली तर हातानं दाबून खाली घातली. मग आमच्याजवळ थांबली, शिवलिंगप्पाचे हात बघितले आणि म्हणाली, "आप उठो अप्पा. पीछे दरवाजे के बाजू बैठो." मागचं दार कसं उघडायचं ते तिनं त्याला शिकवलं. दांडा कुठं धरायचा, कुठल्या बाजूला वळवायचा, उघडण्याआधी बाहेर जाळ आहे का ते बघायचं. तो एकेक पायरी तोंडानं म्हणून दाखवत होता. मी मागं वळून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, त्यालाच कामून? काट्यावर तर मी भारी भरलो होतो! मरण खिडकीबाहेर उभं होतं, पण माझ्या पोटात जे जळत होतं ते मरणाच्या भीतीनं नव्हतं. दार उघडायचा मान त्याला मिळाला म्हणून होतं.

मग ती माझ्याकडं वळली. "झुको अप्पा." मी वाकलो. कवठाएवढी डबी माझी छाती आणि मांडी यांच्यामध्ये आली आणि मी अर्ध्यावरच अडकलो. तिनं मान दाबली, तर डबी बरगडीत घुसली. मी ओरडलो. तिनं खोळ पुढं केली. "ये निकालो."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "जीव गेला तरी चालंल, लिंग अंगावरून उतरणार न्हाई!" खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सगळ्या विमानानं ऐकावं अशा आवाजात मी ते म्हणालो होतो. शिवलिंगप्पापर्यंत गेलंच असणार.

मिस्साब रागावली नाही. वाकून, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भगवान आपके पास रखो, अप्पा. मेरेकू खाली डब्बा देओ."

इतक्या वर्षांत देव कुठला आणि डबी कुठली हे मला कुणी वेगळं करून सांगितलं नव्हतं. पण तेवढं ऐकून मी लगेच शहाणा झालो असं नाही. हात गळ्याकडं जाईना. तेव्हा ती म्हणाली, "पीछेवाले अप्पा तो कबका दे दिये." आणि खोळ उघडून दाखवली. चष्म्यांच्या आणि किल्ल्यांच्या गर्दीत शिवलिंगप्पाची लिंबाएवढी डबी पडली होती. त्यानं लिंग काढून, वस्त्रात गुंडाळून, केव्हाच गळ्याशी घट्ट बांधलं होतं. आवाज न करता.

आता यापुढचं लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी डबी दिली ती भक्तीनं नाही. शिवलिंगप्पानं दिली आणि मी नाही दिली, तर तो माझ्या पुढं जाईल म्हणून दिली. देवानं माझ्या हातून ते करवून घेतलं, पण माझ्याकडं दुसरं साधनच नव्हतं, तेव्हा त्यानं माझा मत्सरच वापरला. मी डबी उघडून लिंग काढलं. वस्त्र बांधायला बोटं चालेनात, म्हणून ते डाव्या तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. डबी खोळीत पडली तशी खण्‌कन वाजली आणि माझी मान एकदम हलकी झाली. मिस्साबनं खोळीला गाठ मारली, ती न्हाणीत टाकली, पुन्हा एकदा सगळ्यांच्या माना बघितल्या, आणि मगच स्वतःचा पट्टा बांधून बसली.

विमान बीदरवर घिरट्या घालत होतं. वाकण्याआधी मी एकदा खिडकीतून पाहिलं. आमच्या काळ्या रानाची कड संपून बीदरचं लाल पठार सुरू झालं होतं, त्यावर किल्ल्याचा तट, आणि तटापलीकडं मैदान. मग मी फेट्यात तोंड खुपसलं. मुठीतलं लिंग आधी गार होतं. हळूहळू माझ्या हाताच्या उबेनं ते उबदार झालं. रोज सकाळी मी त्याला याच तळहातावर घेत होतो आणि मला त्याचा स्पर्श कधी कळला नव्हता. मी पंचाक्षरी म्हणू लागलो. मनात म्हणालो, देवा, मला वाचव. आणि तेव्हा ध्यानात आलं की वाचायचं म्हणजे दार उघडायला पाहिजे, आणि दाराचा दांडा शिवलिंगप्पाच्या हातात आहे. माझ्यासाठी काही मागायचं तर ते आधी त्याच्यासाठी मागावं लागत होतं. मी मागितलं. त्याच्या मनगटाला बळ दे, त्याचं डोकं शांत ठेव, त्याला काही होऊ देऊ नको. ज्याचं वाईट व्हावं असं मी इतकी वर्षं हळूच, तोंडानं न म्हणता चिंतत होतो, त्याच्यासाठी मी रडून मागत होतो. पोटातलं जळणं थांबलं. किती वेळ थांबलं ते सांगता येत नाही, पण तसला थंडावा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

मग जमीन आली. पत्र्याचं घर कुणी डोंगरावरून ओढत न्यावं तसा आवाज झाला. माझं डोकं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर आपटलं, पण मध्ये फेटा होता. विमान घसरत गेलं, एका अंगाला कललं आणि थांबलं. सगळीकडं लाल धूळ. त्या धुळीत मला दांडा वळल्याचा आवाज आला आणि मागून ऊन आत आलं. "निकलो! सामान छोडो! निकलो!" मिस्साब ओरडत होती. एकामागून एक माणसं बाहेर पडली. मी दारापाशी आलो आणि, काय सांगू, न्हाणीकडं वळलो. "माझी डबी!" मिस्साबनं पाठीत असा धक्का दिला की मी थेट शिवलिंगप्पाच्या अंगावर जाऊन पडलो. त्यानं मला धरून लांब नेलं, लाल मातीत बसवलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "अण्णा, लिंग हाय का?"

मी मूठ उघडली. लिंग होतं. त्याच्याभोवती तळहातावर नखांचे वळ उमटले होते. शिवलिंगप्पाला रडू फुटलं. त्यानं स्वतःच्या फेट्याचा पदर फाडला, माझं लिंग त्यात बांधलं आणि माझ्या गळ्यात घातलं. जाळ झाला नाही. कुणाचा जीव गेला नाही. सगळ्यात शेवटी मिस्साब बाहेर आली, बाजूला जाऊन एका दगडावर बसली. मी जवळ जाऊन हात जोडले. ती म्हणाली, "पानी है क्या किसीके पास?" माझ्याकडं पाणीही नव्हतं. शिवलिंगप्पानं कुठूनसं आणून दिलं.

खोळ नंतर मिळाली. माझी डबी एका बाजूनं चेपली होती. मी ती पुन्हा गळ्यात घातली नाही. आजही माझं लिंग त्याच फेट्याच्या तुकड्यात आहे; तो विरत आलाय, तरी बदलवत नाही. सकाळी पूजेला बसलो की ते तळहातावर गार लागतं, मग उबदार होतं, आणि तेवढा वेळ मी कुणाच्या पुढंही नसतो आणि मागंही नसतो. देवापुढं हात मोकळे करायचे म्हणजे काय, हे मला ज्यांनी शिकवलं त्यात एक परधर्माची पोर होती आणि एक साडू. त्या दोघांचं ऋण मानतो. गुरूंनी दिलेलं लिंग मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं मिळालं असं मी समजतो.

पण स्वभाव काही फेट्याच्या तुकड्यात बांधून ठेवता येत नाही. आळंदला परत आल्यावर मठात मी ही हकीगत सांगू लागलो आणि सांगता सांगता, माझ्या हातातल्या लिंगामुळं विमान वाचलं, असं माझ्या तोंडून जाऊ लागलं. मग कळलं की मंठाळच्या मठात शिवलिंगप्पाही हेच सांगतोय, फक्त लिंग त्याचं. माझ्या पोटात पुन्हा तेच जळू लागलं. घरी येऊन मी बायकोला तावातावानं विचारलं, "तूच सांग, देव नेमका कुणासाठी धावला? त्याच्यासाठी का माझ्यासाठी?"

ती तूर पाखडत होती. सुपातून मानही वर न करता म्हणाली, "त्या पोरीसाठी धावला असंल. तुमी दोगं आपली विमानातली पोती होताव."