दोन निळे, एक डाळिंबी

गालिच्यांच्या किरमान शहरातल्या जुन्या वस्तीत यदुल्लाचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. बायका मागासमोर गालिचा विणायला बसायच्या आणि हा मागे बसून कागदावरचा नक्षा, कुठल्या रंगाच्या किती गाठी ते, गायचा. "दोन निळे, एक डाळिंबी, फिरून दोन निळे..." बायका गाठी मारायच्या आणि एका सुरात ओरडायच्या, "बांधले!" विणणारीनं नक्ष्यात डोकवायचं नाही, गाणाऱ्याला उलट विचारायचं नाही, अशी रीत. गोहर त्या आवाजावरच भाळली. मी पदरचं सांगत नाही, तीच सांगते.

गोहरचा बाप अफूबाज. अफू ओढायच्या शेगडीपाशी डुलत बसायचा, चहा मांडीवर सांडला तरी शुद्ध नसायची. त्यामुळे नशेबाज कसा असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जो पेंगतो तो नशेबाज, संपला विषय! लग्नाआधी तिनं एकच अट घातली होती, "घरात शेगडी आली की मी बाहेर." यदुल्लानं शब्द दिला आणि पाळलाही. शेगडी आलीच नाही. आली ती काच.

तिथं या नव्या नशेला शीशेच म्हणतात, म्हणजे काच. दिसायला खडीसाखरेची बारीक कणी. बसून बसून यदुल्लाची पाठ धरली होती, तेव्हा कुणा दोस्तानं काचेच्या नळीतून ओढायला दिली. म्हणाला, "ही अफू नव्हे रे, हिला ना वास ना पेंग." मेल्यानं एवढं मात्र खरं सांगितलं.

सुरुवातीला गोहर खूश होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचे गालिचे विणले, आता मुलीच्या, माहलकाच्या रुखवतासाठी पहिल्यांदा स्वतःचा मागावर चढला होता. यदुल्ला उजाडल्यापासून गात होता, थकत नव्हता. नणंद इस्मत एकदा येऊन बसली. भावाकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, दादा काहीतरी घेतोय. डोळे बघ ना त्याचे."

"नशेबाज? माझा नवरा?" गोहर खो खो हसली. "अगं, तो झोपतच नाही! माझ्या बापाला बघितलंस ना तू? तुझा भाऊ काल रात्रीत अंगण तीनदा झाडून आला!"

"तेच म्हणतेय मी," इस्मत पुटपुटली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई ताकच फुंकत बसली आणि इकडे दूध उतू गेलं.

यदुल्लाची भूक मेली. समोरच्या रश्श्यावर तवंग थिजायचा, पण घास उचलायचा नाही. गाल बसले, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायला लागला. दात करकर खायचा. एकदा चहाबरोबर साखरेचा खडा चावला तर दाढेचा तुकडाच हातात आला. छाती अशी धडधडायची की शेजारी बसलेल्या गोहरला कळायचं. दंडावर खाजवून खाजवून जखमा झाल्या. गोहर म्हणायची, "उष्णता झालीय." आणि त्याला थंड सरबत द्यायची.

मग तो कुजबुजत गायला लागला.

"मोठ्यानं गा की! ऐकू येत नाही," गोहर म्हणाली.

"हळू! शेजारी भिंतीला कान लावून बसलेत. आपला नक्षा चोरतायत."

शेजारी कोण, तर एक बहिरी म्हातारी! गोहरला हसू आलं, पण त्याचं तोंड बघून तिनं ते आवरलं.

त्या दिवशी त्याचं गाणं सुसाट सुटलं. निळे, पिवळे, काळे, पिवळे, मध्ये दम नाही की थांबा नाही.

"आई, इथं पिवळा येतच नाही," माहलका दबक्या आवाजात म्हणाली. "फूल मोडतंय."

"बाबा गातायत ना? आपण बांधायचं."

"अगं पण आई..."

"बांध म्हटलं ना!"

आणि दोघींनी बांधलं. ओळीवर ओळ. फुलाच्या जागी नुसता चिखल उठत गेला, आणि गोहर जिभेला लागलेल्या सवयीनं "बांधले, बांधले" म्हणत राहिली.

दोन दिवसांनी यदुल्ला धागे कापायची सुरी घेऊन उठला. "किडे! लोकरीत किडे झालेत!" आधी स्वतःचा दंड कोरला, मग गालिच्याकडे वळला. गोहर मागाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो. तुझ्या केसांतही शिरलेत. तूच सोडलेस ना घरात? तूच!"

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आपला माणूस समोर उभा आणि आपल्याला त्याचीच भीती वाटावी! ती आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासमोर ओरडली, "माहलका, पळ! आत्याला बोलाव!"

इस्मतच्या मुलांनी त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोहरचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, सगळ्याच नशा झोपवत नाहीत. ही जागं ठेवून खाते. घेणं थांबलं की आधी तो नुसता झोपेल. मन उदास राहील, आठवण दगा देईल. बरंचसं परत येईल, पण सावकाश. आणि पुन्हा तिला शिवला, तर किडेही परत येतील."

यदुल्ला घरी आला तो खरंच झोपत राहिला. जेवताना पेंगायचा, पेला कलंडायचा, थेट तिच्या बापासारखा. जन्मभर ज्या पेंगेला भ्यायली, तिच्याकडे बघून गोहरला आता हायसं वाटत होतं. काय म्हणावं या नशिबाला!

एका सकाळी तो आपणहून मागापाशी आला. त्या चिखलावर बराच वेळ बोटं फिरवत राहिला.

"हे कुणी विणलं?"

"तुम्ही गायलात, आम्ही बांधलं," गोहर म्हणाली. "मला तेव्हाच थांबायला हवं होतं."

तो नक्ष्यासमोर बसला. "दोन निळे..." पुढचं येईना. परत म्हणाला, "दोन निळे..." ज्या आवाजावर अख्खी गल्ली गाठी मारायची, तो दोन शब्दांवर अडला.

ती उठली. त्याला हाताला धरून विणणारीच्या जागी बसवलं, आणि रीत मोडून स्वतः नक्ष्यासमोर बसली. आवाज चिरका, सूर कुठला नाहीच.

"दोन निळे."

यदुल्लाची बोटं धाग्यांत चाचपडत राहिली. मग हळूच आवाज आला, "बांधले."

गोहर वाकली. गाठ नव्हती. धागा नुसता बोटात लोंबत होता.

रीत म्हणत होती, 'बांधले' ऐकलं की पुढचा रंग गा. गोहर मागे टेकली आणि तोच रंग पुन्हा गायली, "दोन निळे."